नानांची ब्यूक पायानंच सुरू झाली

दांडिया बाजार, बडोदे
रविवार, रात्र

प्रिय शऱ्या,

नानांच्या ब्यूकचा सेल्फ, इंजिन सुरू करणारी ती मोटर, पायानं लागला! बटण नाही, हँडल नाही, मागून धक्का नाही. किल्ली फिरवली, क्लच दाबला, ॲक्सिलरेटर हळूच खाली नेला आणि आठही सिलिंडर बोलायला लागले. विनू शेजारीच उभा होता, म्हणाला, "हां, झाली का?" आणि परत मोबाइलमध्ये. तेव्हाच ठरवलं, आज तुला लिहायचंच. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

घरी सगळे ठीक. आईचं बीपी आटोक्यात आहे.

आता मुद्द्याचं. पावागडला माचीच्या चढावर, इंजिन चालू असताना सेल्फ मधेच कर्रर्र करून लागला होता, आठवतं ना? तू म्हणालास स्विचमधला छर्रा अडकतोय, मी म्हणालो वायरिंगमध्ये गडबड आहे. खाली हालोलला चहासुद्धा आपण वेगवेगळ्या टेबलांवर प्यायलो. दोन्ही खरं निघालं रे.

कार्बोरेटरवरचा, पायानं सेल्फ लावणारा तो स्विच उघडला. आत जुन्या पेट्रोलचा तपकिरी चिकटा बसला होता, गुळाच्या पाकासारखा. छर्रा त्यात रुतलेला. डब्ल्यूच्या आकाराची ती संपर्काची पट्टी टोकाला काळी पडलेली. पाय दाबला की थ्रॉटलचा दांडा छर्ऱ्याला ढकलणार, छर्रा पट्टीला, आणि सेल्फ जोडणाऱ्या रिलेला करंट मिळणार, इथवर ठीक. पण इंजिन लागलं की मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीच्या, व्हॅक्यूमनं छर्रा ओढला जाऊन संपर्क सुटायला हवा. तो सुटणार कसा? म्हणजे तू जिंकलास.

पण थांब. छर्रा अडकला तरी सेल्फ लागायला नको, कारण ब्यूकवाल्यांनी दुसरा पहारा ठेवलाय. रिलेच्या कॉइलचं दुसरं टोक सरळ बॉडीला जात नाही, डायनामोतून जातं. डायनामो थांबलेला असला की तीच अर्थिंग. तो फिरून व्होल्टेज देऊ लागला की दोन्ही टोकं सारखी होतात आणि रिले सुटतो. आपल्या गाडीत कुणीतरी ती वायर डायनामोवरून काढून चक्क बॉडीला लावून टाकली होती! वरून नवी टेपसुद्धा गुंडाळलेली. पहारेकरीच उठवून दिला आणि वर ही सिस्टिमच धोक्याची म्हणून नाव ठेवलं. माझं रक्त उकळलं, खरंच सांगतो. म्हणजे मीही जिंकलो.

छर्रा थिनरमध्ये भिजवला, पट्टी अगदी बारीक पॉलिश पेपरनं साफ केली, वायर होती तिथं नेली. बॅटरीच्या केबलीही बदलल्या. बारा व्होल्टच्या गाडीच्या बारीक केबली होत्या, सहा व्होल्टला चालतील कशा? तेवढ्याच ताकदीला दुप्पट करंट लागतो. सेल्फ रडायचा तो म्हणून. अर्थिंगच्या पट्टीखाली कुणी हौसेनं रंग मारला होता, तो खरवडला. आता इंजिन चालू ठेवून मी मुद्दाम स्विचचा संपर्क हातानं जोडून बघितला. रिले हलला नाही!

नाना सांगायचे ना, १९१२ च्या कॅडिलॅकनं हँडल काढलं आणि १९३४ मध्ये ब्यूकनं बटणही काढलं. पुढं १९६० पर्यंत त्यांनी ही पद्धत सोडली नाही. सांगताना नानांचा उजवा पाय आपोआप हलायचा.

आणि विनूला आता गाडीत बटण हवंय. गाडी लग्नाला भाड्यानं द्यायची म्हणतो. बारा व्होल्ट करायचे, डॅशबोर्डला भोक पाडायचं. त्याचा माणूस गुरुवारी येणार. शऱ्या, त्या अखरोटाच्या रंगाच्या डॅशबोर्डला ड्रिल! २०२३ च्या जानेवारीत लक्ष्मी विलास राजवाड्यात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन बघताना तूच म्हणाला होतास, की इथं परीक्षक मूळचं काय टिकलंय ते आधी बघतात.

विनूचं एक म्हणणं मात्र मला पटतं, आणि तेच रात्री झोपू देत नाही. वरातीत गाडी बंद पडली, गिअर पडलेला आहे, बदली ड्रायव्हरनं घाबरून ॲक्सिलरेटर दाबला, तर? गाडी सरळ बँडवाल्यांवर. नाना न चुकता क्लच दाबायचे, आपल्यालाही त्यांनी ओरडून ओरडून तीच सवय लावली. भाड्याच्या ड्रायव्हरला कोण ओरडणार?

उपाय सुचलाय. क्लचच्या पेडलखाली ब्रेकलाइटसारखा छोटा स्विच, रिलेच्या वायरीत मधे घातलेला. क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागणार नाही. बाहेरून दिसत नाही, उद्या काढला तर खूणही राहणार नाही. नुसत्या बटणानं हे साधत नाही, गिअरमध्ये बटण दाबलं तरी गाडी उडी मारणारच की! हे विनूला सांगितलं तर म्हणतो, "काका, तुम्ही जुन्यातच अडकलात." त्याला मी नानांचा गडी वाटतो. तू मात्र त्याला सायकल शिकवलीस, कलाभवनात प्रवेश घेतला तेव्हा फॉर्मही तूच भरलास. तुझं तो ऐकतो.

तुझ्या बदलीचं काय झालं? मिनूचा निकाल लागला की कळव. गुडघ्याला तेल लावतोस का नुसता कण्हतोस? वहिनींना नमस्कार. लीलो चेवडो मिळाला का, ते कुणीच कळवलं नाही.

बुधवारच्या आत विनूला फोन कर. बारा व्होल्टनं सुरुवात करू नकोस, तो लगेच तापतो. आधी ड्रायव्हरचं बोल, मग क्लचचा स्विच, खर्च सगळ्यात शेवटी, तोही अगदी किरकोळ आहे. आणि त्यानं विचारलंच, तर माचीच्या चढावर चूक कुणाची होती ते खरंखुरं सांग.

तुझा,
मध्या