वसईहून आलेल्या त्या मंडळींचे आभार
२५ मार्च २०२०ला टाळेबंदी लागली आणि भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर गेलेली आमची मोखाड्याची माणसं पायीच पाड्यावर परतली. मजुरी भट्टीवरच अडकलेली, कित्येकांकडे रेशनकार्डही नाही. ईस्टरच्या आधीच्या ऐन पवित्र सप्ताहात, चर्चची दारं बंद असताना, तुम्ही वसईहून टेम्पो घेऊन आलात. रस्ता संपला तिथून तांदूळ, तूरडाळ, तेल, मीठ डोक्यावर घेऊन टेकडी चढलात. आधी एकट्या म्हाताऱ्यांच्या आणि बाळंतिणींच्या घरी गेलात, हे मला फार मोलाचं वाटतं. कुणाला धर्म विचारला नाहीत, फोटो काढले नाहीत, स्वतःची नावंही सांगितली नाहीत. म्हणून असं जाहीर लिहितेय. आमच्या सगळ्या पाड्याकडून तुमचे मनापासून आभार. यंदा नागली-वरई चांगली आलीय. या, आणि जेवायलाच या.