रायबंदरच्या फेरीधक्क्यावरच्या काकांना आणि मावशींना

गेली २ वर्षं मी मोझांबिकमधल्या बैरा शहरात मिशनरी म्हणून राहतो. तिथे 'चापा' नावाच्या खच्चून भरलेल्या मिनीबसमध्ये मोबाईल गमावला, एकदा रात्री भलत्याच गावी उतरलो, मलेरियाने आठवडाभर अंथरुणाला खिळलो. सगळं निभावलं. पण यंदा सुट्टीत गोव्यात जे झालं, त्याने डोळ्यांत पाणी आलं.

जुलैचा पाऊस. चोडणहून परतताना रायबंदरला फेरीबोटीच्या फळीवर पाय घसरला आणि खांद्यावरची पिशवी मांडवी नदीत. आत पासपोर्ट आणि माझी वही. 'सेना' या बैराकडच्या स्थानिक भाषेतले शब्द घरोघरी विचारून देवनागरीत लिहिलेले, त्यांची दुसरी प्रत नाही.

खलाशीकाकांनी बोट थांबवून धरायला लावली, लांब बांबू घेतला आणि पट्ट्यात टोक अडकवून पिशवी ओढून काढली. पासपोर्ट प्लास्टिकमध्ये होता, वाचला. वही चिंब.

धक्क्यावरच्या चहावाल्या मावशींनी ती माझ्या हातातून काढून घेतली. "पानं ओढू नको रे, फाटतील." प्रत्येक पानाआड एकेक कागदी रुमाल घातला, भिजला की बदलला. टेबलपंखा वहीकडे वळवला. गिऱ्हाईक खोळंबलं होतं, तरी तासभर हेच चाललं. वर मला गरम चहा आणि भजी, पैसे घेतलेच नाहीत.

वही आता बैरात माझ्या टेबलावर आहे. पानं फुगलीत, पण शब्द न् शब्द वाचता येतो. काका, मावशी, तुमची नावं विचारायची राहिली. मनापासून आभार.