पोत्यावर ‘नॅनो’ आहे, मात्रा कुठे आहे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या शेतीविषयक पुरवणीत पशुखाद्यातल्या नॅनो, म्हणजे अतिसूक्ष्म कणांच्या, खनिजांचे कौतुक वाचले. ते अगदीच अनाठायी नाही. एक मायक्रॉनचा, म्हणजे हजार नॅनोमीटरचा, कण ५० नॅनोमीटरवर आणला, की तेवढ्याच वजनाला पृष्ठभाग वीसपट होतो. शोषण वाढले तर कमी खनिजात काम भागेल, विष्ठेतून वाया कमी जाईल. दूध तुटलेल्या डुकरांच्या पिलांची हगवण थांबवायला किलोभर खाद्यात २५०० मिलिग्रॅमपर्यंत जस्त घालत. ते खतावाटे जमिनीत साठते म्हणून युरोपीय संघाने २०२२ मध्ये तो वापर बंद केला. तिथे नॅनो जस्ताचा विचार होणारच.

पण शोषण वाढते म्हणायचे आणि माप मात्र जुनेच ठेवायचे, हे कसे? एका कोंबडीपालकाने मला नवे पोते दाखवले. ‘नॅनो’ हे अक्षर वीतभर. कण केवढा, त्यावर लेप कसला, टनामागे किती घालायचे, याचा पत्ता नाही. गडी जुन्याच मापाने घालायला निघाला होता. त्यात सेलेनियम हे खनिज होते, आणि सेलेनियमच्या बाबतीत गरज आणि विषबाधा यांत अंतर फार थोडे असते.

नोकरीत असताना मी मेंढ्या मरताना पाहिल्या आहेत, त्याही साध्या, नॅनो नसलेल्या खनिजाने. तांबे जास्त असलेले गाईंचे खनिज मिश्रण मेंढ्यांना चारले होते. मेंढीचे यकृत तांबे महिनोन्‌महिने साठवते आणि एखाद्या दिवशी एकदम रक्तात सोडते. पापणी उलटून पाहावी तर पिवळीजर्द, लघवी काळपट तांबडी. उघडून पाहिले तर मूत्रपिंडे निळसर काळी. आदल्या दिवशीपर्यंत कळप चरत होता. म्हणून ‘महिनाभर चारले, काही झाले नाही’ या विक्रेत्याच्या दाखल्याला मी किंमत देत नाही.

शिवाय सगळे नॅनो एका तागडीत कसे तोलणार? झिंक ऑक्साइड, म्हणजे जस्ताचे संयुग, जठरातल्या आम्लात बरेचसे विरघळून जाते. पांढरा रंग म्हणून वापरले जाणारे टायटॅनियम डायऑक्साइड विरघळत नाही. त्याने जनुकांना इजा होण्याची शक्यता नाकारता येत नाही, असे युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये म्हटले आणि तिथे पशुखाद्यातूनही ते गेले. चांदी तर जनावराची गरजच नव्हे. ती जंतू मारते म्हणून घालतात. मग तिला पोषण न म्हणता औषध म्हणा आणि औषधासारखीच तपासा. यकृतात, मूत्रपिंडात, अंड्यात, दुधात किती उतरते, तेही मोजा.

आणखी एक. पोते फोडून फावड्याने मिसळणारा गडी तोंडाला रुमालही बांधत नाही. जनावराच्या पोटात जाण्याआधी ती भुकटी त्याच्या छातीत जाते. पोत्यावर त्याच्यासाठी एक ओळ तरी छापा.

आपला,
एक निवृत्त पशुवैद्य