भुकेची काळजी असेल तर आराखड्याच्या सुनावणीला या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

येत्या दिवसांत होणाऱ्या तीन कार्यक्रमांच्या बातम्या तुमच्या पेपरात वाचल्या. एक विकास आराखड्यावरची (म्हणजे कोणती जागा कशासाठी वापरायची ते ठरवणाऱ्या नकाशावरची) सुनावणी, एक शाश्वत अन्नावरचं चर्चासत्र आणि एक उपाशी माणसांपर्यंत जेवण पोचवणाऱ्यांचा मेळावा. तिन्ही बातम्या वेगवेगळ्या पानांवर होत्या आणि तिन्हीकडे जाणारी माणसंही वेगवेगळीच असणार, म्हणूनच हे पत्र लिहितेय. माझ्या मते हा एकच विषय आहे, आणि ज्यांना भुकेबद्दल मनापासून काही करायचंय त्यांनी आधी आराखड्याच्या सुनावणीला जावं, बाकीचं नंतर.

मी बरीच वर्षं सुट्टीच्या दिवशी एका मोफत जेवणाच्या किचनमध्ये वाढायला जाते. आराखडा म्हणजे बिल्डर आणि इंजिनियर लोकांचं काम, असं मलाही वाटायचं. मागच्या सुनावणीला मात्र मी गेले आणि आमच्याकडे जेवायला येणाऱ्या एक ताई सोबत आल्या. भिंतीवर भलामोठा नकाशा, सगळे रस्ता किती रुंद होणार यावर बोलत होते. ताई उठून नकाशापाशी गेल्या, आधी आपलं घर शोधलं, मग तिथून बोट सरकवत सरकवत मंडईपर्यंत नेलं, मधे दोनदा थांबल्या. म्हणाल्या, इथं बस बदलायची, इथं परत बदलायची, दोन्ही हातात पिशव्या आणि लेकरू कडेवर. मग घराजवळच्या एका पिवळ्या चौकोनावर बोट ठेवून विचारलं, इथं तर भाजीवाले बसतात ना, ते कुठं जाणार? पिवळा म्हणजे तिथे इमारती. समोर बसलेल्या साहेबांनी "लिहून घेतो" एवढंच सांगितलं. ती भाजीची जागा गेली की ताईंच्या घरात ताजं काही शिजणं अवघड होणार आणि त्या आमच्या रांगेत अजून एक दिवस जास्त उभ्या राहणार, हे मला त्या चौकोनाकडे बघताना पहिल्यांदा नीट कळलं.

जगात अन्न कमी पडतंय म्हणून लोक उपाशी राहतात असं अजूनही बरेच जण धरून चालतात. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे २०२४ मध्ये जवळपास ६७ कोटी लोक उपाशी होते, आणि त्याआधी २०२२ या एकाच वर्षात दुकानं, हॉटेलं आणि घरं मिळून १०५ कोटी टन अन्न वाया गेलं होतं, त्यातलं निम्म्याहून जास्त तर आपल्यासारख्यांच्या घरातलं. शेतातून दुकानात येईपर्यंत जे नासतं ते यात धरलेलंच नाही! म्हणजे अन्न आहे, पण ज्याला हवंय त्याच्यापर्यंत ते पोचत नाही. आणि मंडई कुठे, गोदाम कुठे, बस कुठून जाणार, गावाला लागून असलेली कसदार जमीन शेतीला ठेवायची की त्यावर बांधकाम करायचं, हे सगळं नकाशावर ठरतं. एकदा का त्या जमिनीवर काँक्रीट पडलं की ती परत शेती म्हणून मिळत नाही, मग शाश्वत अन्नावर कितीही चर्चासत्रं घ्या.

हे जमतं, आणि जमवलेलं आहे लोकांनी. ब्राझीलमधल्या बेलो होरिझोंते शहराने १९९३ मध्ये अन्न हा नागरिकांचा हक्क मानून त्यासाठी पालिकेत वेगळा विभागच काढला. भाजी विकणाऱ्यांना मोक्याच्या जागा दिल्या पण अट घातली, काही माल ठरवून दिलेल्या कमी भावात विकायचा आणि शनिवार-रविवारी गरीब वस्त्यांमध्येही विकायला जायचं. सोबत स्वस्तात पोटभर जेवण देणारी सरकारी भोजनालयं चालवली. मला यात सगळ्यात आवडलेली गोष्ट ही की जागा पालिकेच्याच होत्या, फक्त त्या कोणाला आणि कशासाठी द्यायच्या ते विचार करून ठरवलं. कॅनडातल्या टोरांटोमध्ये १९९१ मध्येच पालिकेला अन्नाबद्दल सल्ला देणारी कौन्सिल सुरू झाली. शहरांनी आपलं अन्नधोरण सुधारावं म्हणून झालेल्या २०१५ च्या मिलान करारावर तर आता दोनशेहून जास्त शहरांनी सह्या केल्यात.

उरलेलं अन्न वाटणं चांगलंच आहे, आम्ही ते करतो आणि करत राहू, पण आज किती येईल, काय येईल, येईल की नाही, हे आम्हाला सकाळपर्यंत माहीत नसतं आणि रांग मात्र रोज लागते. त्याच्या भरवशावर कोणाचं पोट ठेवणं मला पटत नाही.

आयोजकांना एक कळकळीची विनंती आहे. सुनावणी कामाच्या दिवशी भर दुपारी ठेवू नका. ज्याचा रोज बुडतो तो कसा येणार? एक तरी बैठक संध्याकाळी घ्या, मुलांना बसायला जागा ठेवा, आणि जेवणाची वेळ असेल तर आलेल्या सगळ्यांसाठी जेवण ठेवा, आमचं किचन बनवून द्यायला तयार आहे. शाश्वत अन्नवाले आणि मेळाव्यातले लोक यांनीही आपापल्या कार्यक्रमात निदान अर्धा तास तो नकाशा भिंतीवर लावावा आणि लोकांना त्यावर बोट ठेवून बोलू द्यावं.

आणि तुम्हाला विनंती अशी की तिन्ही कार्यक्रमांच्या तारखा, वेळ आणि ठिकाण एकाच चौकटीत छापा, हरकती लेखी द्यायची शेवटची तारीख ठळक टाका, आणि नकाशा कुठे जाऊन बघता येतो तेही लिहा. ताईंनी कालच विचारलं मला.

आपली,
एक नियमित वाचक