पदेरबाबांस अनावृत आभारपत्र

म्हार्दोळ, फोंडा तालुका, गोवा

आदरणीय पदेरबाब,

सादर नमस्कार. आपण सायकलवरून दारोदार पाव विकणारे आमचे पदेर. आपण माझ्याशी कोकणीत बोलता आणि घरात मीही कोकणीच बोलते. परंतु लिहायला बसले की हाताला मराठीच येते, आमच्या पिढीतल्या अनेकांचे असेच आहे. तेव्हा हे पत्र आपणांस वाचून दाखवण्याचे काम वाड्यावरच्या कोणीतरी करावे, अशी माझी विनंती आहे. चार लोकांच्या देखत आपण माझी लाज राखली, म्हणून आभारही चार लोकांच्या देखतच मानावेत असे वाटले.

श्रावणातल्या त्या संध्याकाळी मुगागाठीसाठी मूग शिजत ठेवून मी जायांच्या कळ्या काढायला परसात आले. पाच मिनिटांत परत यायचे होते. कळ्या काढता काढता वाळत घातलेले कपडे दिसले, कपड्यांवरून पावसाकडे लक्ष गेले, आणि टोपातले मूग मनातून साफ निघून गेले. तेवढ्यात वाऱ्याने मागचे दार आपटले. पुढचे दार मी आतून कडी घालून बंद केलेले, मागच्या दाराला आपोआप लागणारे कुलूप, किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्याला, फोन फ्रिजवर आणि मी फुलांची परडी घेऊन बाहेर. शेजारचे सगळे कार्याला गेलेले. करपल्याचा वास आला तेव्हा कोणाच्या घरी काय लागले असेल, असा विचार मी क्षणभर केला, हे आज कबूल करते.

त्याच वेळी वळणावर आपल्या सायकलचा भोंगा वाजला. मी काय हाक मारली ते मला आठवत नाही, पण आपण पाटी सोप्यावर टेकवली, खिडकीतून येणारा धूर पाहिला आणि एकच प्रश्न विचारलात, "बाय, सिलिंडर खंय आसा?" पदेरबाब, तो प्रश्न मला सुचला नव्हता. घराची दुरुस्ती झाली तेव्हा माझ्या मुलाने सिलिंडर मागच्या पडवीत जाळीच्या कप्प्यात हलवला होता आणि भिंतीतून नळी आत घेतली होती. त्या कप्प्याला कुलूप नाही, रेग्युलेटर बाहेरूनच बंद करता येतो, आणि मी त्याच्यापासून दहा पावलांवर उभी राहून खिडकीचे गज हलवत होते! आपण जाऊन कळ फिरवलीत आणि मग शांतपणे दाराकडे वळलात.

किल्ली काढण्याची आपली युक्ती मी अजूनही येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते. सोनचाफ्याची फुले काढायची आकडी पडवीत टेकलेली होती. ती आपण गजांमधून तिरकी आत घातलीत. पहिल्या खेपेला किल्लीऐवजी चहाची गाळणी आली. दुसऱ्या खेपेला किल्लीचे कडे खिळ्यावरून सुटले, पण खाली ओट्यावर पडले. तिसऱ्या खेपेला आपण श्वास रोखून ते कडे आकडीच्या टोकात अडकवलेत आणि विहिरीतून कळशी वर घ्यावी तसे हळूहळू खिडकीशी आणलेत.

दार उघडल्यावर मी सवयीने धूर घालवणाऱ्या पंख्याच्या बटणाकडे हात नेला, तेव्हा आपण मला थांबवलेत. चूल आपण गॅस बंद केल्यामुळे विझली की आधीच विझली होती, हे त्या धुरात कळायला मार्ग नव्हता. आपला घरगुती गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर जमिनीलगत साचतो, आणि अशा वेळी बटणाची ठिणगीसुद्धा पुरते. मूळ गॅसला वास नसतो, ओळखू यावा म्हणून उग्र वासाचे द्रव्य त्यात मुद्दाम मिसळतात. पण करपलेल्या मुगांपुढे तो वास मला कुठून येणार? आपण आधी दारे-खिडक्या उघडायला लावलीत. गॅसगळतीसाठी असलेला १९०६ हा क्रमांक आता मी किल्लीच्या खिळ्याशेजारीच मोठ्या आकड्यांत लिहून ठेवला आहे.

या सगळ्यापेक्षा एका गोष्टीचे ऋण मला अधिक वाटते. आपण मला वयाची आठवण करून दिली नाहीत. ३० वर्षे मुलांना "वही का विसरलास?" म्हणून दरडावणारी मी बाई, मला त्या दिवशी कोणी तसे विचारले असते तर मी रडलेच असते. चष्मा कपाळावर ठेवून शोधणे, छत्री कदंबाच्या बसमध्ये सोडणे, पंप चालू ठेवून टाकी अर्धा तास वाहू देणे, हे माझे नेहमीचे. दर वेळी कोणी ना कोणी "आता वय झाले" म्हणतेच. आपण फक्त काळा पडलेला टोप पाहिलात आणि म्हणालात की भट्टीवर आपलेही पाव कधी कधी करपतात.

नंतर मी डॉक्टरांकडे जाऊन आले. बी-१२ जीवनसत्त्व कमी पडले किंवा थायरॉईड बिघडला तरी विसराळूपणा वाढतो आणि दोन्हींवर औषध आहे, असे त्यांनी सांगितले. माझे बी-१२ कमी निघाले. मुलाने फोनवर आणखी एक गंमत सांगितली. गॅब्रिएल रॅडव्हान्स्की नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, एका खोलीच्या दारातून दुसऱ्या खोलीत गेल्यावर माणसे हातातली गोष्टसुद्धा अधिक विसरतात असे दिसले म्हणे. माझ्या बाबतीत दाराने विसरायला तर लावलेच, वर कुलूपही घातले.

आता मागच्या दाराची जादा किल्ली शेजारच्या वहिनींकडे असते, आणि चुलीवर काही ठेवून बाहेर पडताना मी पळी हातात घेऊनच निघते. परसात पळी घेऊन फिरणारी बाई पाहून लोक हसतात, पण पळी पाहिली की टोप आठवतो. त्या दिवशी माझ्यापायी आपला अर्धा तास गेला आणि पुढच्या घरांना उंडे, म्हणजे गोल पाव, गार मिळाले, त्याबद्दल त्या सर्वांचीही मी क्षमा मागते.

राहता राहिली एक गोष्ट. त्या गडबडीत आपण ४ पोळ्या, म्हणजे कोंड्याचे पाव, माझ्या हातात ठेवून गेलात आणि पैसे द्यायचे मी विसरले. दुसऱ्या दिवशी विसरले, तिसऱ्या दिवशीही विसरले, आणि आपण मागितले नाहीत. ते पैसे तुळशी वृंदावनाच्या कोनाड्यात पणतीखाली ठेवले आहेत. मी बाहेर आले नाही, तर भोंगा आणखी एकदा वाजवावा.

आपली ऋणी,
वळणावरच्या घरातली बाई