खिशात नेमकं कोण बसलंय?

प्रिय मंजू,

सप्रेम नमस्कार. पाच महिने पत्र नाही, त्याबद्दल शिव्या घालशील, त्या मान्य. तब्येत बरी आहे, मान अधूनमधून धरते. मुद्द्यावर येते. हा विषय, म्हणजे आपल्या स्फटिकाच्या क्ष-किरण नकाशातला घोळ, इतर कुणापुढे काढला की लोक "रिझोल्यूशन किती?" विचारतात, म्हणजे नकाशा किती बारीक, आणि आकडा ऐकून अभिनंदन करून मोकळे होतात.

तर आपला ग्रब२ प्रथिनाचा एसएच२, म्हणजे फॉस्फेट लागलेला टायरोसिन खिशात धरणारा भाग, आणि ते सात अमिनो आम्लांचं पेप्टाइड, बीसीआर-एबल प्रथिनाच्या टायरोसिन १७७ भोवतालचं. २.१ अँगस्ट्रॉम, आर-फ्री (मॉडेल आणि मोजमाप यांतली तफावत) २४ टक्के, रामचंद्रन (कण्याच्या कोनांची तपासणी) स्वच्छ. स्फटिकाच्या एककात एसएच२चे दोन रेणू, अ आणि ब. अ गुणी बाळ आहे. ब च्या खिशात फॉस्फेटचा गोळा ठसठशीत, बी-फॅक्टर (अणूंची थरथर) २४, शेजारच्या आर्जिनिन ८६ च्या जवळपास. त्याला जोडलेली टायरोसिनची कडी मात्र ५२, आणि फरक-नकाशात तिच्या अंगावर लाल डाग, म्हणजे मॉडेलमध्ये आहे तितकं तिथे प्रत्यक्षात नाही. फॉस्फेटवर एकही डाग नाही. डोकं पूर्ण हजर आणि धड अर्धंच, असं कसं होईल? कडी गेली तर फॉस्फेटही तिच्याबरोबर जायला हवं. म्हणजे ते गेल्यावर त्याच्या जागेवर दुसरं कुणीतरी येऊन बसतंय. आणि स्फटिक वाढवायच्या ड्रॉपमध्ये आहे १.६ मोलर अमोनियम सल्फेट.

हो, तू सांगितलं होतंस. "एसएच२ सल्फेटात वाढवणं म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या." तेव्हा मी तुला नाटकी म्हटलं, आणि तू दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हतीस. आता शब्द मागे घेते. अर्धाच, कारण नाटकी तू आहेसच.

सल्फरचे इलेक्ट्रॉन १६, फॉस्फरसचे १५, दोघांभोवती चार ऑक्सिजन तशाच चतुष्फलकात. २.१ ला या दोघांत फरक करणं नकाशाच्या आवाक्याबाहेर आहे. मग मी कागदावर हिशेब मांडला. पेप्टाइडचा केडी (जितका कमी तितकी पकड घट्ट) ०.२ मायक्रोमोलर धर, सल्फेटचा समजा ५ मिलिमोलर. १.६ मोलर सल्फेटसमोर पेप्टाइडचा केडी तीनशेवीस पटीने बिघडून ६४ मायक्रोमोलरवर जातो. प्रथिन ०.८ मिलिमोलर, पेप्टाइड दीडपट, म्हणजे १.२. अजूनही भरपूर वाटतं ना? पण पावडर तोलली होती ट्रायफ्लुरोअ‍ॅसिटेट मिठासकट. निव्वळ पेप्टाइड ७० टक्के धरलं की दीडपट घसरून जेमतेम एकास एक होतं, आणि भरलेले खिसे पाऊणच्या आसपास. २८० नॅनोमीटरला प्रकाशशोषण मोजून हे कळलं नसतं, कारण फॉस्फोटायरोसिन तिथे जवळपास गप्प असतो, त्याचं शिखर २६७ च्या आसपास. साध्या टायरोसिनचा गुणांक लावणाऱ्यांना माझा दंडवत. (आपल्या दाढीवाल्याला हे वाचून दाखवू नकोस.)

पण पाऊणच्या हिशेबाने ब ची इतकी दैना होत नाही. उरलेला घोळ क्रायोचा (गोठवण्याआधीच्या द्रावणाचा), म्हणजे निव्वळ माझा. २५ टक्के ग्लिसरॉल, सल्फेट तेवढंच, पेप्टाइड शून्य, आणि त्यात स्फटिक दोन मिनिटं. अ च्या पेप्टाइडचं टोक शेजारच्या रेणूखाली दबलंय, ते सुटत नाही. ब चा खिसा पाण्याच्या रुंद बोळात उघडतो, तिथून पेप्टाइड धुऊन निघतं आणि सल्फेट आत शिरतं. क्रायोत अर्धा मिलिमोलर पेप्टाइड टाकलं असतं किंवा स्फटिक दहा सेकंदांत उचलला असता, तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

दुरुस्ती अशी केली: आधी पोल्डर नकाशा, म्हणजे मॉडेलमधून पेप्टाइड काढून तिथे खरंच काय दिसतं ते पाहणारा. मग ब च्या खिशात दोन पर्यायी मांडण्या, एक पेप्टाइड, दुसरी सल्फेट आणि कडीच्या जागी दोन पाणी, दोघांच्या ऑक्युपन्सीची (किती हिस्सा जागा कुणी भरली त्याची) बेरीज एक. पेप्टाइड ०.५५ वर थांबलं. लाल डाग गेले. आर-फ्री जेमतेम हलला, म्हणजे तो आकडा बघून कुणालाच काही कळलं नसतं. या रिझोल्यूशनला ऑक्युपन्सी आणि बी-फॅक्टर एकमेकांच्या पदराआड लपतात, त्यामुळे ०.५५ वरही मी हात आखडूनच बोलते.

खरी झोप उडवणारी गोष्ट पुढे आहे. सगळा दावा पेप्टाइडच्या त्या वळणाचा. सार्क या दुसऱ्या प्रथिनाच्या एसएच२ मध्ये पेप्टाइड सरळ पसरतं आणि +३ चा (फॉस्फोटायरोसिननंतरचा तिसरा) आयसोल्युसिन खड्ड्यात बसतो. इथे ट्रिप्टोफॅन १२१ वाटेत आडवा, म्हणून साखळी बीटा-वळण घेते आणि +२ चा अ‍ॅस्परजिन लायसिन १०९ व ल्युसिन १२० च्या कण्याशी बंध जोडतो. १९९६ पासून हे माहीत आहे, त्यात नवल नाही. पण ब मध्ये मला ते वळण दिसतंय की मी ते अ वरून उतरवलंय? मॅडम म्हणतात, अ छाप, ब पुरवणीत. अ चं टोक शेजाऱ्याखाली दबलेलं असताना त्याच्या एकट्याच्या साक्षीवर किती विसंबायचं? म्हणूनच ब हवाय.

नव्या ड्रॉपमध्ये पीईजी ३३५०, हेपेस बफर पीएच ७.५, सल्फेट नाही. सायट्रेटही नको, तेही खिशात बसायला बघेल. जुने स्फटिक चुरून, हजारपट पातळ करून बीज म्हणून टाकलेत. पेप्टाइडचा साठा आधी ट्रिसमध्ये ७.५ ला आणला, नाहीतर त्या आम्लाने ड्रॉपमध्ये दही लागतं. मास स्पेक्ट्रममध्ये ८० डाल्टनची घट नाही, म्हणजे फॉस्फेट शाबूत आहे. हेही फसलं तर इंग्लंडमधल्या डायमंड सिंक्रोट्रॉनच्या आय२३ या क्ष-किरण केंद्राला अर्ज. फॉस्फरस आणि सल्फरच्या शोषण-कडांच्या मध्ये, ५.०२ ते ५.७८ अँगस्ट्रॉमच्या पट्ट्यात, फॉस्फरस विसंगत प्रकीर्णनात उठून दिसतो आणि सल्फर जवळपास मुका.

तुझी बदली झाली की अजून लटकलीय? ओवीचं वर्ष कसं गेलं? आईंना नमस्कार. घाईत विचारते, पण उत्तर सविस्तर दे.

आणि एक काम. सोबत ब चा नकाशा पाठवते, पेप्टाइड एकदाही न बसवलेल्या मॉडेलवरून काढलेला. मॉडेल मुद्दाम पाठवत नाही. अ उघडू नकोस. नकाशाची पातळी ३ सिग्मावर ठेव, ट्रिप्टोफॅनपाशी जा, आणि साखळी कुठे वळते ते तूच बांधून पाठव.

तुझी,
शमा