रॅम्पच्या मागचा हिशेब

महोदय,

परदेशातल्या फॅशन व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या जाहिरातीत रॅम्पचाच फोटो का असतो, कोण जाणे. तयार कपड्यांच्या निर्यातीत मी २२ वर्षं मर्चंडायझर, म्हणजे परदेशी ग्राहक आणि कारखाना यांच्यातला दुवा, होते. फॅशन शो एकही पाहिला नाही, कॉस्टिंग शीट, म्हणजे कपड्याच्या खर्चाचा तक्ता, मात्र रोज. शर्टाच्या खर्चात मोठा वाटा कापडाचा. पण गिरणी दर सोडत नाही, म्हणून घासाघीस होते ती शिलाईवर.

माझी भाची सध्या असाच अभ्यासक्रम करते आहे. ब्रँडिंगला अख्खं सत्र, पुरवठा साखळीला जेमतेम चार व्याख्यानं. एफओबी (फ्री ऑन बोर्ड) दर म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतचा खर्च धरलेला दर, हे तिला मी फोनवर सांगितलं!

२४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळची राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळून ११०० हून अधिक माणसं गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी कामगारांना आत बोलावलं गेलं. तिच्या वाचनयादीत हे एका परिच्छेदात उरकलंय. ऐनवेळी डिझाइन बदलायचं आणि शिपमेंटची तारीख तीच ठेवायची, हा निर्णय उद्या हीच मुलं घेणार आहेत, आणि त्या घाईचा ताण कारखान्यातल्या कामगारांवरच येतो.

प्रवेशापूर्वी विद्यार्थ्यांनी एवढं तरी विचारावं: कारखान्यात किती आठवडे पाठवणार?

– एक निवृत्त मर्चंडायझर